चाबीवालीचा चहा

दिवाळीच्या आठ दिवस आधी मी चंद्रकलेची ड्युटीची पँट दुसऱ्यांदा कमरेत आत घेतली. पोळ्याच्या सुमारास दीड इंच घेतली होती, आता पुन्हा दीड. मी टेलर आहे. पांढुर्ण्याच्या बाजारात माझं एका मशीनचं दुकान आहे आणि वीस वर्षं मी लोकांच्या कंबरा मोजतोय. चाळिशीच्या बाईची कंबर तीन महिन्यांत तीन इंच उतरली तर काहीतरी बिनसलंय, हे गिऱ्हाइकाच्या बाबतीत मी लगेच बोललो असतो. घरच्या माणसाच्या बाबतीत मी टेप गळ्यात टाकली आणि हसलो.

"अवं, तू तं लग्नातल्यासारखी दिसून राहिली," मी म्हणालो.

"चालणं का कमी होते माहं?" असं म्हणून तिनं उभ्यानंच तांब्याभर पाणी प्यायलं. मग आणखी एक तांब्या.

मला उलट अभिमान वाटला. चालण्याचाच अभिमान होता आमच्या घरात.

चंद्रकला रेल्वेत आहे. चौतिसाव्या वर्षी, पोरगी नववीत असताना, तिनं परीक्षा दिली, पळण्याची चाचणी दिली, डोक्यावर वजन घेऊन चालण्याची दिली, आणि रुळांच्या गँगमध्ये लागली. सुरुवातीला फावडं आणि गिट्टी. पाच वर्षांनी तिला चाबीवाली केलं. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी लोखंडाची वाकडी पट्टी असते, तिला लाइनीवर चाबी म्हणतात. चाबीवाल्याचं काम एवढंच, की रोज सकाळी हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन निघायचं, एका लाइनीनं सहा किलोमीटर जायचं, दुसऱ्या लाइनीनं सहा किलोमीटर यायचं, आणि प्रत्येक चाबी, प्रत्येक बोल्ट डोळ्यांखालून घालायचा. या नेमून दिलेल्या सहा किलोमीटरला बीट म्हणतात. सुटलेली चाबी ठोकायची. रुळाला तडा दिसला तर गाडी थांबवायची. आमच्या भागात हे काम बाईला पहिल्यांदाच मिळालं होतं. मेट दादारावभाऊंनी, म्हणजे तिच्या गँगच्या प्रमुखानं, सेक्शनच्या इंजिनिअर साहेबांना सांगितलं होतं, "साहेब, हिचे डोळे घारीचे हायेत. हिलेच द्या."

घरीही तेच. माझे डोळे पंचेचाळिशीत अधू झाले, तर सुईत दोरा तीच ओवून द्यायची. सकाळी निघताना दहा सुया ओवून सुयांच्या छोट्या उशीला टोचून ठेवायची, माझा दिवस निघायचा.

चाबीवाली झाल्यावर लाइनीच्या कडेची माणसं तिला ओळखू लागली. फाटकावरचा माणूस, तिसऱ्या लाइनीच्या कामावरचे मजूर, पुढे हेमंतरावांचा संत्र्याचा बगीचा, तिथे त्यांची बायको जयश्रीताई. सगळे हाका मारायचे, "चाबीवाली बाई, चहा घ्या." ती घ्यायची. जाताना घ्यायची, येताना घ्यायची. आमच्या भागात चहा म्हणजे चमचा उभा राहील इतका गोड, आणि पाहुण्याला तर एक चमचा जास्तच. घरी सकाळ-संध्याकाळचा माझ्या हातचा वेगळा. उन्हाळ्यात ती तापून यायची म्हणून मी फ्रिजमध्ये थंड्याची, म्हणजे कोल्ड्रिंकची, बाटली ठेवू लागलो. रविवारी मी स्वतः जाऊन गरम जिलेबी आणायचो. बायको बारा किलोमीटर चालते, तिला ताकद पाहिजे, असं माझं शास्त्र.

पावसाळ्यात तिची तहान वाढली. पाणी जास्त, म्हणून लघवी जास्त. लाइनीवर एकट्या बाईला ही केवढी अडचण असते, हे पुरुषांना कळायचं नाही. फाटकावरचा संडास सोडला तर सहा किलोमीटरमध्ये आडोसा नाही. मग ती पाणी टाळू लागली आणि घरी येऊन बाटलीभर थंडा एका दमात संपवू लागली. मी दोन बाटल्या ठेवू लागलो.

सुयांचंही सांगतो. दिवाळीनंतर एका सकाळी पाहतो तर उशीला चारच सुया ओवलेल्या. "वेळ नाई भेटला," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी ती दाराशी उजेडात उभी राहून दोरा ओवत होती, पुन्हा पुन्हा जिभेनं ओला करत होती. तिनं सुई गुपचूप उशीला तशीच टोचली. मी पाहिलं आणि डबा उचलून दुकानाला निघालो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दादारावभाऊ तिच्यासोबत लाइनीवर गेले. मेटला अधूनमधून चाबीवाल्याचं काम तपासावं लागतं. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. पुलाच्या अलीकडे वळण आहे. चंद्रकला पुढे, ते मागे. ती चालत गेली आणि दादारावभाऊ थांबले. ओळीनं तीन चाब्या सुटल्या होत्या. दोन गिट्टीत पडलेल्या, एक अर्धी बाहेर.

"चंद्रकलाबाई," त्यांनी हाक मारली, "हे काय?"

ती परत आली. वाकली. आणखी वाकली. मग गुडघे टेकून तिनं हातानं चाचपलं.

"मले दिसलंच नाई, भाऊ," ती म्हणाली. "सगळं धुरकट दिसून राहिलं."

"कवापासून?"

"महिना झाला असन."

दादारावभाऊंनी स्वतः तिन्ही चाब्या ठोकल्या. तीन चाब्यांनी गाडी घसरत नाही, पण चाबीवालीच्या नजरेतून तीन चाब्या निसटल्या ही लहान गोष्ट नव्हती. मग त्यांनी, बापाच्या वयाच्या माणसानं, तिला समजावलं. "कोणाले सांगू नको. बाजारातून चष्मा घे. मेडिकलमध्ये अडकली तं बीट जाईन, मग आयुष्यभर फायली उचलत बसशीन. मी हाओ ना. महिनाभर मी येतो संगं."

संध्याकाळी तिनं मला हे सांगितलं तेव्हा मीही तेच म्हणालो. आज सांगताना लाज वाटते, पण म्हणालो. "चष्म्याचं दुकान पाच मिनिटावर आहे. उद्या जाऊ. बोभाटा काऊन करतं?"

ती चुलीसमोर नाही, माझ्या घरच्या जुन्या मशीनच्या स्टुलावर बसली होती, ड्युटीचे बूट अजून पायात. ती वाकून नाड्या सोडू लागली.

"पल्लवी कोणत्या गाडीनं येते नागपूरहून?" तिनं विचारलं.

आमची पोरगी नागपूरला शिकते. दर पंधरा दिवसांनी शनिवारी येते. मी गाडीचं नाव सांगितलं.

"ती माह्याच लाइनीवरून येते," चंद्रकला म्हणाली. "चष्मा लागला नाई तं? चष्म्यानंही दिसलं नाई तं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर ती सरळ साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. "साहेब, मले बीटवर पाठवू नका. माहे डोळे चुकून राहिले. काल तीन चाब्या माह्याकडून सुटल्या, मेटसाहेबांनी ठोकल्या."

साहेब तरुण आहेत, बाहेरच्या मुलखातले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आपकी किसी ने शिकायत की?"

"नाई साहेब. मी सोताच सांगून राहिली."

त्यांनी त्याच दिवशी दुसरा माणूस बीटवर लावला आणि तिला नागपूरला तपासणीला पाठवलं. ती निघाल्यावर ते दादारावभाऊंना म्हणाले, की आजवर स्वतःविरुद्ध रिपोर्ट द्यायला त्यांच्याकडे कोणीच आलं नव्हतं.

नागपूरला मी सोबत गेलो. डोळ्यांची डॉक्टरीण बारीक चणीची, मोठ्या चष्म्याची. तिनं डोळ्यांत थेंब टाकून बराच वेळ पाहिलं, मग चष्म्याचा नंबर न देता बोटातलं रक्त काढायला लावलं. यंत्रावर आकडा आला चारशे बारा.

"शुगर," डॉक्टरीण म्हणाली. "आणि आजची नाही. तीन महिन्यांची सरासरी काढू, पण ती जास्तच निघणार."

माझा विश्वास बसेना. "म्याडम, ही रोज बारा किलोमीटर चालते. चालणाऱ्या माणसाले शुगर कशी होईन?"

"चालत नसत्या तर पाच वर्षं आधी आली असती," ती म्हणाली. "घरात कोणाला आहे?"

"मायले आहे," चंद्रकला हळू म्हणाली. "दोन बोटं कापली पायाची."

डॉक्टरिणीनं मान हलवली. तिनं कागदावर डोळा काढून दाखवला. रक्तात साखर इतकी वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, त्याचा आकार बदलतो, म्हणून सगळं धूसर. आत्ता चष्मा दिला तर महिन्याभरात तो चुकीचा होईल. साखर खाली आली की भिंग आपोआप मूळ जागी येईल. "तुमचं नशीब की मागच्या पडद्याला अजून इजा नाही. आणखी वर्षभर दडवलं असतं तर हे मला सांगता आलं नसतं."

मग तिनं खाण्यापिण्याचं विचारलं. चंद्रकला एकेक चहा मोजू लागली, आणि मी मध्येच थंडा, जिलेबी जोडत गेलो. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली.

"साखर खाल्ली म्हणजे शुगर होते, इतकं हे सोपं नाही," ती म्हणाली. "आईकडून थोडं आलं होतं. पण त्यावर तुम्ही रोज ही साखर ओतत होतात. तहान लागायची ती साखरेमुळे, आणि तहानेला तुम्ही साखरच पाजत होतात."

हे वाक्य ती चंद्रकलेला म्हणाली, पण लागलं मला. बाटल्या मी आणत होतो.

घरी आल्यावर पल्लवीची खोली रिकामी, आम्ही दोघंच. मी साखरेचा डबा काढला, पोह्याची वाटी घेतली आणि कापड मोजतो तसं मोजायला बसलो. दहा चहा, प्रत्येकी तीन चमचे. थंड्याच्या बाटलीवरचं बारीक लिहिलेलं चष्मा लावून वाचलं, एका बाटलीत बारा-तेरा चमचे निघाले. वाटी काठोकाठ भरली, वर शीग आली, मग दुसरी वाटी घ्यावी लागली. ही एका दिवसाची. जिलेबी मी मोजलीच नाही.

चंद्रकला समोर बसून पाहत होती. "हे सगळं माह्या पोटात गेलं?"

"मी घातलं," मी म्हणालो.

"तुम्ही एकट्यानं थोडंच घातलं! अर्धं तं मीच मागून पेली." आणि ती हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू.

हसून काम भागणार नव्हतं. पहिले पंधरा दिवस पोटात इन्शुलिनची सुई, मग गोळ्या. बीट गेलं होतं. तिला स्टोअरमध्ये बसवलं, गँग निघताना हातोडे-पाने मोजून द्यायचे आणि परत आल्यावर मोजून घ्यायचे. जे तिच्यासोबत लाइनीवर राबायचे ते तिच्यासमोरून हत्यारं घेऊन निघायचे. कोणी बोललं, बाईले झेपलं नाई. कोणी बोललं, बसायची ड्युटी पाहिजे होती म्हणून डोळ्यांचं नाटक केलं. तिनं ऐकलं आणि पाने मोजत राहिली. एकदा दादारावभाऊंनीही ऐकलं. ते हजेरीच्या ओळीतून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तिनं सोताहून सांगितलं. मी तिले दडवायले सांगत होतो, तिनं माहं ऐकलं नाई. तुमच्यातला कोण आहे असा, हात वर करा." हात कोणी वर केला नाही.

साखर सोडणं मात्र डोळे सांगण्यापेक्षा अवघड निघालं. चार-पाच दिवस तिचं डोकं ठणकत होतं. बिनसाखरेचा पहिला चहा तिनं तोंडात घेतला आणि मोरीत थुंकला. चिडायची, रडायची. एकदा मी माझ्या कपात चोरून अर्धा चमचा घातला, तर आवाजावरून तिनं ओळखलं. "चमच्याचा आवाज येऊन राहिला," आतल्या खोलीतून म्हणाली. मी तो चहा ओतून दिला आणि त्या दिवसापासून मीही सोडली. अभिमानानं सांगतो, कारण मलाही ते सोपं गेलं नाही.

डिसेंबरच्या एका रविवारी आम्ही बसनं सौसरला आणि तिथून बोरगावला गेलो, तिच्या मायकडे. सुमनबाई अडुसष्टच्या. जन्म संत्र्याच्या बगीच्यांत मजुरी करण्यात गेला. आता मुलाच्या घरी खाटेवर, उजव्या पायाला सदा फडकं. जावई आला म्हणून त्यांनी सुनेला ओरडून सांगितलं, "साखर मोकळ्या हातानं टाक वं!"

"माय, माह्यात टाकू नको," चंद्रकला म्हणाली. "मलेही तुह्यासारखंच निघालं."

म्हातारी म्हणाली, "एका कपानं का होते?"

"एकेका कपानंच झालं, माय."

सुमनबाईंना राग आला, की वाईट वाटलं, मला कळेना. त्या भिंतीकडे पाहत बोलू लागल्या. "तुम्हाले काय सांगू. आमच्या वख्ती बगीच्यावाले चहा देत, तं काळा, गुळाच्या पाण्याचा. आमचे कप येगळे, झाडाच्या बेचक्यात ठेवलेले. आपणच काढा, आपणच धुवा. वरून ओतत, हात लागू नये म्हणून. पांढऱ्या साखरेचा चहा त्यायच्या घरात. मी मनात म्हणो, माह्या लेकरायले पांढऱ्या साखरेचा पाजीन, पोटभर पाजीन." त्यांनी पायाच्या फडक्यावर हात ठेवला. "पाजला."

चंद्रकला खाटेवर त्यांच्याशेजारी बसली. सुनेनं दोन फिके चहा आणले. माय-लेकींनी तोंड वेडंवाकडं करत ते प्यायले. एकमेकींचं तोंड पाहून मग दोघी हसत सुटल्या. सुमनबाईंनी त्यानंतर साखर पूर्ण सोडली असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी सोडली.

येताना बसमध्ये चंद्रकला खिडकीशी बसून होती. सौसर मागे पडल्यावर म्हणाली, "आता समजलं तुम्हाले, मी लाइनीवर कोणाच्या चहाले नाई काऊन म्हणत नव्हती?"

समजलं होतं. हेमंतरावांच्या अंगणात चाबीवाल्या बाईला खुर्ची टाकत. घरातल्याच कपात चहा देत. ती खुर्ची, तो कप तिच्या मायला मिळाला नव्हता. तो चहा कितीही गोड असला तरी ती कशी नाकारणार?

पुढच्या रविवारी ती म्हणाली, "बगीच्यात जाऊन येऊ. महिन्यापासून मी दिसली नाई, जयश्रीताई काळजी करत असन." मी तिला गाडीवर घेऊन गेलो. संत्र्याची तोड चालू होती, अंगणात क्रेटचा ढीग. जयश्रीताई पन्नाशीच्या, बोलक्या. त्यांनी धावत येऊन दोन खुर्च्या टाकल्या. हेमंतरावही क्रेटच्या ढिगामागून आले. चंद्रकलेनं डोळ्यांचं, शुगरचं सगळं सांगितलं, लपवलं काही नाही.

"अगं माय!" जयश्रीताई म्हणाल्या. "आणि मी तुम्हाले दोन-दोन कप पाजत होती. थांबा, तुमचा बिनसाखरेचा करते. तुमच्यासाठी येगळं गंज ठेवते आता, रोजच्यासाठीच ठेवते."

मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. गंज म्हणजे चहाचं पातेलं, आणखी काही नाही. पण मी चंद्रकलेकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर घट्ट झाले होते.

"येगळं नको, ताई," ती म्हणाली.

"अवं, साखरेसाठी म्हणते मी..."

"साखरेसाठीच म्हणता, मले मालूम आहे. पण माह्या मायनं बगीच्यायमध्ये येगळ्या कपात चहा पेला. मी येगळ्या गंजातला नाई पेणार." आवाज चढलेला नव्हता. साहेबांसमोर बोलली असेल तसाच असावा. "एकाच गंजात मांडा, फिका. सगळ्यायसाठी. ज्याले गोड लागते तो वरून साखर घेईन."

जयश्रीताईंना आधी समजलं नाही, मग समजलं. त्यांनी मान खाली घातली. हेमंतरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "बरोबर बोलल्या बाई," ते म्हणाले. "मांड वं फिका. मलेही डॉक्टरनं दोन वर्षांपासून सांगितलं आहे, ऐकतो कोण इथं."

ट्रेमध्ये चार सारखे कप आले, मध्ये साखरेची वाटी. हेमंतरावांचा हात वाटीकडे गेला. जयश्रीताईंनी नुसतं पाहिलं, तर तो हात परत गेला. चौघांनी फिका चहा प्यायला. मला तो त्या दिवशी पहिल्यांदा चांगला लागला. दुधाची चव कळली, आल्याची कळली. निघताना जयश्रीताईंनी पिशवीभर संत्री दिली आणि चंद्रकला म्हणाली, "दिवसाचं एकच खाईन, ताई. रस नाई काढणार." ती गाडीवर मागे बसली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, नेहमीपेक्षा घट्ट.

जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी मी उठलो तर उशीला दहाच्या दहा सुया ओवलेल्या. ती चूळ भरत होती, काही झालंच नाही अशी. मी उशी हातात घेऊन दारात उभा राहिलो. मग उशी तशीच घेऊन दुकान उघडायला निघून गेलो.

महिनाअखेरीस पुन्हा नागपूर. उपाशीपोटीची शुगर एकशे सोळा. सरासरी अकरावरून साडेसातवर आलेली. डॉक्टरीण म्हणाली, अजून थोडी खाली यायला पाहिजे, गोळ्या सोडायच्या नाहीत, दर तीन महिन्यांनी या, डोळ्यांचा पडदा दरवर्षी दाखवा. मग अक्षरांचा तक्ता. मी दाराच्या फटीतून पाहत होतो. एक डोळा झाकून चंद्रकलेनं वरून खाली वाचायला सुरुवात केली. शेवटच्या ओळीवर आली, अडली, थांबली. ती पुन्हा पहिल्या अक्षरापासून आली आणि ओळ पूर्ण वाचली. दुसरा डोळा झाकून पुन्हा वाचली.

"फिट," डॉक्टरीण म्हणाली आणि कागदावर शिक्का मारला. "सगळ्यांना सांगते, तुमच्यासारखं वेळेवर या म्हणून. येत नाहीत."

"मी वेळेवर नाई आली, म्याडम," चंद्रकला म्हणाली. "चाब्या सुटल्यावर आली."

"तरी आलात."

फेब्रुवारीच्या तीन तारखेपासून तिला बीट परत मिळालं. आदल्या दिवशी मी तिची पँट पुन्हा मशीनवर घेतली. वजन थोडं भरलं होतं, एक इंच सोडावा लागला. शिवण उसवताना एवढा आनंद मला वीस वर्षांत झाला नव्हता.

आता एक गोष्ट सांगतो. तिला रेल्वेत लागून सहा वर्षं झाली, पण ती काम करताना मी कधी पाहिली नव्हती. ती सकाळी निघायची, मी दुकान उघडायचो. तीन तारखेला मी दुकानाचं शटर अर्धंच उघडलं, पुन्हा लावलं आणि गाडी घेऊन गावाबाहेरच्या फाटकावर गेलो. फाटक बंद होतं. दोन ट्रॅक्टर, पाच-सहा मोटारसायकली, कापसाच्या गाठींचा एक ट्रक. मी त्यांच्यातच उभा राहिलो.

ती इटारसीच्या बाजूनं चालत आली. नारिंगी जॅकेट, खांद्यावर हातोडा, काखेत गुंडाळलेल्या झेंड्या. घरात ती भराभर चालते. इथे एकसारखं पाऊल पडत होतं, मान खाली, नजर या रुळावरून त्या रुळावर. तिनं मला पाहिलं नाही. मालगाडीचा आवाज आला तेव्हा ती लाइनीपासून बाजूला झाली, हिरवी झेंडी धरून ताठ उभी राहिली. इंजिनातल्या माणसानं हात बाहेर काढला. मग डब्यांमागून डबे, ती प्रत्येक चाकाकडे पाहत होती, काही लोंबत नाही ना, काही घासत नाही ना. पन्नासच्या वर डबे असतील. तिची मान एकदाही दुसरीकडे वळली नाही. शेवटच्या डब्यातल्या गार्डानं तिला झेंडी दाखवली, तिनं त्याला दाखवली.

गाडी गेल्यावर ती पुन्हा लाइनीवर चढली, चार पावलं चालली आणि थांबली. वाकली नाही, चाचपलं नाही. उभ्यानंच तिनं काहीतरी पाहिलं होतं. हातोडा उचलला आणि दोन घाव घातले. लोखंडाचा स्वच्छ आवाज आला, फाटकापर्यंत.

माझ्या बाजूच्या मोटारसायकलवरच्या माणसानं विचारलं, "हे बाई काय करून राहिली जी?"

"चाब्या पाहून राहिली," मी म्हणालो. "हे दोनशे-तीनशे गाड्या भरून लोक इथून जातात ना रोज, ते तिच्या डोळ्यावर जातात." आकडा मी ठोकून दिला होता. मग राहवलं नाही. "माही बायको होय ते."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि गाडीवर बसल्या बसल्या तो थोडा सावरून बसला.

फाटक उघडलं. ट्रॅक्टर निघाले, ट्रक निघाला, मागचे हॉर्न वाजवू लागले. मी गाडी कडेला घेतली आणि ती पुलाकडच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.